जैन लेणी बघायला वेरूळच कशाला?

एकांनी लिहिलंय की बौद्ध आणि जैन दोन्ही लेणी बघायची तर वेरूळ गाठावंच लागतं. वेरूळची ३० ते ३४ ही जैन लेणी अप्रतिमच आहेत, वाद नाही. पण पुणेकरांनी आधी जुन्नर करावं. जेमतेम ९५ किमी.

लेण्याद्रीला गर्दी असते. गणपती जिथे आहे, तो मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार, म्हणजे राहण्याची जागा. दर्शन घेऊन तसंच परतू नका, शेजारच्या चैत्यगृहात (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात) डोकवा. पण माझं खरं मत विचाराल तर जुन्नरजवळचाच मानमोडी डोंगर. तिथल्या अंबा-अंबिका गटात मूळच्या बौद्ध लेण्यात नंतर जैन मूर्ती कोरल्या. त्यातल्या अंबिका या जैन यक्षीवरूनच गटाला नाव पडलं. त्याच गटात एक चैत्यगृह अर्धवट सोडलंय आणि दर्शनी भिंतीवर ब्राह्मी या प्राचीन लिपीतले लेख आहेत. याच डोंगरातल्या भूतलिंग गटाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीत कमळावर उभी गजलक्ष्मी आहे, ती चुकवू नका. बाजूला हत्ती आणि हात जोडलेली माणसं. ऊन तिरकं असताना ती जास्त उठून दिसतात. मात्र तिथे आग्यामोहोळं असतात, तेव्हा अत्तर-परफ्यूम नको आणि आरडाओरडा तर अजिबात नको. (रीलवाल्यांनी विशेष नोंद घ्यावी.)

वेळ कमीच असेल, तर कामशेतजवळच्या पाल्याचं लेणं आहे. बघण्यासारखं शिल्प नाही, पण 'नमो अरहंतानं'ने सुरू होणारा जुना ब्राह्मी लेख आहे, जो जैन मानला जातो. जोडीला भाजे लेणीही होतात.