लेस्टरच्या शाळेतला प्रश्न: मुलीने कळवावं का?

इंदिरानगरची आई
नमस्कार. माझी मुलगी ब्रिटनमधल्या लेस्टरला माध्यमिक शाळेत शिकवते. परवा वर्गात फ्रान्सच्या सॅम्युएल पातींचा विषय निघाला. वर्गात पैगंबरांची व्यंगचित्रं दाखवली म्हणून ऑक्टोबर २०२० मध्ये १८ वर्षांच्या पोराने ज्यांचा जीव घेतला ते शिक्षक. तिच्या वर्गातला १३ वर्षांचा मुलगा म्हणाला, "बरंच झालं." तिकडे २०१५ पासून कायदा आहे, मूल दहशतवादाकडे ओढलं जातंय असं दिसलं की शाळेने सरकारी यंत्रणेला कळवायचं. 'प्रिव्हेंट' म्हणतात त्याला. रविवारी फोनवर ती रडायलाच लागली. "आई, कळवलं तर पोरावर शिक्का बसेल. नाही कळवलं आणि उद्या काही झालं तर?" मी पंचवटीत २९ वर्षं शिकवलं, पण मला उत्तर सुचेना. ह्या देशांनी अशा पोरांशी कडक व्हायचं की त्यांना जवळ घ्यायचं?

सातपूरकर
ताई, कळवायला सांगा, आजच. जवळ घेऊन काय होतं ते लंडनने पाहिलंय. उस्मान खानला दहशतवादाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती. अर्धी भोगून सुटला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये कैद्यांच्या पुनर्वसनाच्याच कार्यक्रमात त्याने दोघांना भोसकून मारलं. २०२१ मध्ये खासदार डेव्हिड एमेस यांना मारणाऱ्याचं नाव तर आधीच प्रिव्हेंटकडे गेलं होतं. फाइल बंद करून मोकळे झाले.

निवृत्त फौजदार
ताई, माझी ३४ वर्षं नोकरी झाली, त्यातली ९ मालेगावात. सातपूरकर म्हणतात ते खरंच घडलंय. पण एमेसच्या प्रकरणात चूक कळवण्यात नव्हती, कळवल्यावर पाठ सोडण्यात होती.

एक सांगतो. रात्री अकराला चौकीवर एक लूमवाला आला. केसांत कापूस तसाच अडकलेला. बसा म्हटलं तर बसेना. "साहब, मेरे भतीजे को देख लो, गलत लोगों में बैठ रहा है." हा माणूस माझ्याकडे का आला? चार महिन्यांपूर्वी त्यांच्या गल्लीत नळावरून मारामारी झाली, तेव्हा मी कोणाला न उचलता दोन्हीकडचं ऐकून घेतलं होतं, एवढ्याचसाठी. मी साध्या कपड्यांत पोराच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा ठेवला, हात थरथरत होते तिचे. पोराला सोडलं, पण ज्याच्याकडे तो बसायचा त्याच्यावर केस केली. ती ढिली पडू दिली नाही.

उलटंही पाहिलंय. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बरात, बडा कब्रस्तानाजवळ स्फोट. ३० च्या वर माणसं गेली. मेलेले मोहल्ल्यातले, आणि पकडली तीही मोहल्ल्यातलीच पोरं. २०१६ मध्ये कोर्टाने त्यांना आरोपमुक्त केलं. मधल्या काळात चौकीची पायरी कोणी चढेना, बातमी येणंच आटलं. बातमी आटली की पोलीस आंधळा होतो, मग तो मालेगावचा असो की मँचेस्टरचा.

भिवंडीत १९७० आणि १९८४ ला दंगल झाली. पुढे तिथले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे साहेबांनी पोलीस आणि रहिवासी एकत्र बसतील अशा मोहल्ला समित्या बांधल्या आणि ९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. डेन्मार्कच्या ऑर्हूस शहरात पोलिसांनी जवळजवळ हेच केलं. ज्या मशिदीतली पोरं सीरियात लढायला जात होती तिथेच जाऊन बसले, घरच्यांना हाताशी धरलं. २०१३ मध्ये तिथून तीसेक जण गेले होते, २०१४ मध्ये एक. उलट नुसतं कडक होऊन काय होतं तेही पाहा: अमेरिकेने २००३ मध्ये इराकचं अख्खं सैन्य एका हुकमाने घरी बसवलं, त्यातलेच अधिकारी पुढे आयसिसच्या कामाला आले.

मुलीला सांगा, कळव. पण कळवल्यावर शाळेत जी बैठक होईल तिच्यात स्वतः बस, आणि पोराला एकच विचार, हे तू कुठे ऐकलंस? पातींच्या वेळी वर्गात हजरच नसलेल्या मुलीने घरी खोटं सांगितलं, बापाने व्हिडिओ टाकले, आणि मारेकरी दुसऱ्या गावाहून, कधी न पाहिलेल्या माणसाला शोधत आला. मूळ धागा त्या व्हिडिओत होता.

दूधबाजार
फौजदार साहेब, सलाम. फ्रान्सच्या नीसमध्ये १४ जुलै २०१६ ला दहशतवाद्याने गर्दीत ट्रक घातला त्यात ८६ माणसं गेली. सगळ्यात आधी चिरडली ती हिजाब घातलेली, सात मुलांची आई. लोक आम्हा मुसलमानांना निषेध करा म्हणतात, तो करतोच. पण माझा मुलगा १५ चा आहे, मी रोज रात्री त्याचा मोबाइल बघतो. असल्या लोकांची भीती मला आधी त्याच्यासाठी वाटते. पोरं नासवणाऱ्याला सरकारने सोडू नये, आणि माझ्या पोराला नावावरून अडवू नये.

सातपूरकर
भाऊ, पटलं. पण उस्मान खानचं काय?

निवृत्त फौजदार
त्याला अर्ध्यात सोडणं चूकच. ब्रिटनने २०२० मध्ये कायदा बदलला. त्यानुसार दोन-तृतीयांश शिक्षा आणि वर पॅरोल बोर्डाची, म्हणजे कैद्याला सोडणं सुरक्षित आहे का ते ठरवणाऱ्या मंडळाची तपासणी, त्याशिवाय मुदतीआधी सुटका नाही. हे आधीच व्हायला हवं होतं.

इंदिरानगरची आई
तिने काल कळवलं. बैठकीला स्वतः बसली, मुलाची आईही होती. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, व्हिडिओ मोठ्या भावाच्या मित्राने पाठवला. ते नाव तिने लिहून दिलंय.