मदत हवी आहे : बुरशी लागलेल्या जुन्या गेमच्या फ्लॉपी

नमस्कार. आमचे घर गुहागरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. गेल्या आठवड्यात माळा आवरताना काकांनी मुंबईहून आणलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ खोका सापडला. हा गेम १९८९ साली प्रथम अ‍ॅपल २ संगणकावर आला आणि पुढच्या वर्षी डॉसवर (जुन्या पीसींची कार्यप्रणाली). आमची प्रत डॉसची, सव्वापाच इंची फ्लॉपींची (पाकिटातल्या लवचिक चुंबकीय चकत्यांची) आहे. पावसाळी दमटपणाने पुठ्ठा फुगला आहे, आणि फ्लॉपीच्या लांबट फटीतून पाहिले, तर तपकिरी चकतीवर शिळ्या भाकरीवर येते तशी पांढरी बुरशी दिसते. पुस्तिका मात्र शाबूत आहे, आणि तिचे मोल मोठे, कारण गेमची पहिली पातळी ओलांडल्यावर पुस्तिकेतील ठरावीक शब्दाचे आद्याक्षर शोधून त्याच अक्षराची कुपी प्यावी लागते. (लहानपणी आम्ही अंदाजपंचे प्यायचो!)

डॉसबॉक्सवर (आजच्या संगणकावर डॉसचे गेम चालवणारा प्रोग्रॅम) हा गेम सहज चालतो, हे मला ठाऊक आहे. पण मला याच फ्लॉपींवरची प्रत वाचवायची आहे. बुरशी ड्राइव्हच्या (फ्लॉपी वाचणाऱ्या यंत्राच्या) वाचनशीर्षाला चिकटून दोन्ही खराब होतात, म्हणून अजून फ्लॉपी कशातही घातलेली नाही. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसण्यासाठी वरचे पाकीट कापावे का, की फटीतूनच हळूहळू फिरवत पुसणे बरे? बाजारातले यूएसबी ड्राइव्ह साडेतीन इंचीच असतात. चिपळूण वा रत्नागिरीत कोणाकडे चालू स्थितीतला सव्वापाच इंची ड्राइव्ह आहे का? शिवाय फुगलेला खोका उन्हात न ठेवता कसा सुकवावा, हेही कृपया सांगावे.