मुंगसाने धरलेली कोंबडी: जगवताना काय करता? (अनुभव धागा)

कौलारू_घर
आज सकाळी सातच्या सुमारास शेजारच्या परसातून तो कलकलाट ऐकू आला आणि जुनं सगळं पुन्हा आठवलं. मुंगूसच. म्हणून धागा काढतेय. जखमी कोंबडीला काय करता ते नेमकं लिहा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिला तास धक्क्याचा, जखम नंतर. पुठ्ठ्याचं खोकं, खाली जुनं सुती कापड, घरातला अंधारा कोपरा, पोरंटोरं लांब. पाय गार लागले तर ४० वॅटचा पिवळा बल्ब खोक्याच्या एकाच बाजूला, हातभर अंतरावर. नको झालं की तिला सरकता आलं पाहिजे. रक्त वाहत असेल तर मात्र थांबायचं नाही, स्वच्छ कापडाने सलग पाच मिनिटं दाबून धरा. मध्ये उचलून बघितलं की गोठत आलेलं पुन्हा सुटतं.

आणि चोचीत पाणी ओतू नका! जिभेच्या मागेच श्वासनळीचं तोंड असतं, पाणी थेट फुप्फुसात. चोचीचं टोक बुडवा, ती स्वतः ओढून घेते.

डालगं
ताई, पाण्यात ओआरएस चालतं. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटरमध्येच. पहिला दिवस पुरे, मग साधं पाणी.

रानवाट
जखम वरून दिसते त्यापेक्षा मोठी असते. ओल्या बोटांनी पिसं उलटी फिरवत बघा: मानेमागे, पंखाखाली, शेपटीचा बुंधा. दाताचं भोक तांदळाएवढं आणि आत कातडी सुटून पिशवी झालेली, असं हमखास असतं. भोवतालची पिसं कात्रीने कापा, उपटू नका, कातडी सोबत फाटत येते. नवीन फुटणारं निळसर देठाचं पीस कापू नका, त्यात रक्त असतं.

धुवायला: एक लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, ९ ग्रॅम मीठ (चहाचे सपाट दीड चमचे). २० मिलीची सिरिंज, सुई काढून. पाणी स्वच्छ येईपर्यंत मारत राहा. मग ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन, एक भाग औषध दहा भाग पाणी, कोऱ्या चहाच्या रंगाचं. दिवसातून दोनदा. भोक शिवायचं नाही, आत घाण कोंडते.

सुगरण_पाटणकर
हळद राहिली की!! आमच्याकडे हळद आणि खोबरेल.

रानवाट
वरवरच्या ओरखड्यावर कोणी लावत असेल तर ठीक. खोल जखमेत हळद भरली की वर कडक पापुद्रा धरतो आणि आत कुजतं. शिवाय कोंबडीचा पू वाहत नाही, पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट बसतो, म्हणून ते उशिरा कळतं.

सुगरण_पाटणकर
हे माहीत नव्हतं. बरं झालं विचारलं. कुकरची शिट्टी झाली, येते.

भाताचं_तूस
दोन-तीन दिवसांनी जखमेभोवती कातडी हिरवी दिसते आणि लोक सडली म्हणून सोडून देतात. बहुतेक वेळा तो मुका मार असतो. आपला निळा-काळा दिसतो, पक्ष्यांचा हिरवा. नाकाने ठरवा: कुजका वास नाही, कातडी ऊबदार आहे, कोंबडी खातेय, तर राहू द्या.

कातडीखाली हवा भरून फुगली, दाबलं की चुरचुरतं, तर आतली, फुप्फुसाला जोडलेली हवेची पिशवी फुटलीय. थोडं फुगलं तर बरेचदा आपोआप उतरतं. श्वास घेताना चोच उघडी, शेपटी वरखाली होतेय, तर डॉक्टर, आजच.

पावशेर
पावसाळ्यात माशी! एका दिवसात अळ्या. खोकं घरात, वर मच्छरदाणीचं कापड. गुरांच्या जखमेत टाकतात ते टर्पेंटाइन कोंबडीला अजिबात नको, नाजूक कातडी भाजते. अळ्या मिठाच्या पाण्याने धुऊन चिमट्याने एकेक काढायच्या, संध्याकाळी परत बघायचं.

डालगं
मांजराने धरली असेल तर वाट बघू नका. त्या दातांतले जंतू कोंबडीला दोन दिवसांत संपवतात. २४ तासांच्या आत अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं आणि मात्रा वजनावर ठरते, ती पशुवैद्यानेच सांगायची. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ लावा. औषध चालू असताना आणि नंतर ते सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत.

घरातल्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं जवळजवळ संपली म्हणून २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद केलं, कोंबडीच्याही मूत्रपिंडाला ते घातक आहे. बधिर करणारी मलमंही नकोत.

नारळीपौर्णिमा
खायला? नुसत्या कण्या टाकल्या तर भरून यायला प्रथिनं कुठून मिळणार? लेअर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य) कोमट पाण्यात भिजवून, वर उकडलेलं अंडं कुस्करून. पहिली विष्ठा हिरवी पातळ येते, पोट रिकामं असतं. खायला लागूनही दोन दिवस हिरवीच असेल तर दाखवा.

पावशेर
अंडं कोंबडीलाच? 😄

नारळीपौर्णिमा
हो हो, आवडीने खाते. कवच मात्र नको, मग खुराड्यातली फोडायला शिकते.

ओटी_पडवी
विषय थोडा वेगळा, पण षटकोनी जाळीवर भरवसा नको, ती कोंबडी आत ठेवायला असते. अर्धा इंची वेल्डमेश (वेल्ड केलेली चौकोनी तारेची जाळी) लावा आणि तळाला बाहेरच्या बाजूने दीड फूट आडवी अंथरून दगड ठेवा. उकरणारं भिंतीलगतच उकरतं. मुंगसाला पिंजरा, विष काही नको, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. माणसाला चावलं तर १५ मिनिटं साबणाने धुऊन लगेच रेबीजच्या लशीला जा.

सुगरण_पाटणकर
आले परत. बरी झाल्यावर कळपात कधी सोडायची?

भाताचं_तूस
लाल कातडी दिसेनाशी झाल्यावर. लाल दिसलं की बाकीच्या टोचून टोचून मारतात. आधी आठवडाभर जाळीपलीकडे, एकमेकींना दिसत राहतील अशी. मग संध्याकाळी दांडीवर बसवायची. मुळासकट उपटलेली पिसं साधारण दीड-दोन महिन्यांत येतात, मधून तुटलेली मात्र पुढच्या वेळी पिसं झडेपर्यंत तशीच राहतात. तोवर अंडी मागू नका.

कौलारू_घर
शेजारी जाऊन आले. शेपटीचा बुंधा सोललाय, पंखाखाली दोन भोकं होती, रानवाट म्हणतात तशीच पिसांत दडलेली. धुतलं, खोक्यात ठेवलीय, बल्बपासून जरा लांब सरकून बसलीय. थोडं भिजवलेलं खाद्य टोचलं. गळ्याखालची पिशवी (खाल्लेलं आधी साठतं ती) उद्या सकाळी रिकामी झाली का ते बघून लिहिते.