प्रतिसाद: जात बघतात की गुणवत्ता?

वर एकांनी लिहिलंय, "खासगी कंपनीत जात कोण बघतो, गुणवत्ता असली की झालं." सुखदेव थोरातांनी नेमकं हेच तपासलं होतं. अमरावती जिल्ह्यातून आलेले, जेएनयूत अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, २००६ ते २०११ यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) अध्यक्ष. पदं ठीक आहेत हो, पण माझ्या लेखी मोठं काम ते अर्जांचं. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांच्यासोबत त्यांनी खासगी नोकरीच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ बनावट अर्ज धाडले. पात्रता तोडीस तोड, फरक काय तो नावात. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोनतृतीयांश, मुस्लिम नावाला एकतृतीयांश. अभ्यास २००७ साली छापून आला. म्हणजे मुलाखतीची पायरी चढायच्या आधीच निकाल!

पुढे दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांवरही त्यांनी असाच अभ्यास केला. आपल्या नवी मुंबईत कोणी करेल का? घणसोलीत वन बीएचके शोधताना एजंट डिपॉझिट सांगायच्या आधी विचारायचा, "सर, पूर्ण नाव?" आडनाव ऐकलं की "मालकांना विचारून कळवतो." त्याच फ्लॅटसाठी जोशी आडनावाच्या सहकाऱ्याला फोन करायला लावला, तर पठ्ठ्या संध्याकाळी चावी घेऊन गेटवर हजर. गुणवत्ता आमची दोघांची एकच, पगारही.