उत्तर: 'काहीही चालतं' हे पटत नाही

विक्षिप्त विनोदी ॲनिमेत (जपानी ॲनिमेशन मालिकांत) काहीही घडू शकतं, म्हणून हसू येतं, असं काहीजण म्हणतात. मला उलट वाटतं. काहीही घडू शकत असेल तर दहा मिनिटांत कंटाळा येतो.

'निचिजौ' घ्या (क्योटो ॲनिमेशन, २०११, २६ भाग). त्यात डब्यातलं ऑक्टोपसच्या आकाराचं सॉसेज युको या शाळकरी मुलीच्या हातून निसटतं. घटना एवढीच. पण ते जमिनीवर पडू नये म्हणून तिची जी धडपड चालते, ती जणू जगाचा अंत टाळायचा असावा अशा थाटात रंगवली आहे. अतिशयोक्ती चित्रणात आहे, कारण मात्र अगदी शाळकरी: भूक! वहीत काढलेलं लाजिरवाणं चित्र मैत्रिणीच्या हाती लागू नये म्हणून युकोची वर्गमैत्रीण मिओ धावत सुटते, त्यातही तेच. जीव खाऊन पळण्यातला तो घाबरेपणा आपण सगळ्यांनी अनुभवलाय.

मुख्याध्यापक हरणाशी कुस्ती खेळतात, ती तर कमालच. पण आपल्याला हसू हरणापेक्षा युकोचा चेहरा बघून जास्त येतं. ती खिडकीतून बघतेय आणि सांगणार कोणाला? विश्वास कोण ठेवणार? साक्षीदार गोंधळलेला हवा, नाहीतर विक्षिप्तपणा मोजायचा कशावर?

मालिकेतल्या नानो या पात्राच्या पाठीवर भलीमोठी चावी आहे. आपण यंत्रमानव आहोत हे कळू नये म्हणून बिचारी जिवाचं रान करते. (मला तर तीच सगळ्यात 'माणूस' वाटते.)

हां, काही छोटे तुकडे फसलेतही. काहींचा विनोद मला दुसऱ्यांदा पाहूनही कळला नाही.