न्यू इंग्लंड: निर्यातीला पीक नाही, मग इंग्लंडच्या मालाचे पैसे कशातून?

नकाशेवाला

सतराव्या शतकातल्या उत्तरेकडच्या इंग्रज वसाहतींबद्दल वाचतोय: मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड, न्यू हॅम्पशायर. व्हर्जिनियाकडे तंबाखू होता, बार्बाडोसकडे साखर. इथे तसं काहीच नाही, आणि कापड, काच, अवजारं, बंदुकीची दारू तर इंग्लंडहूनच यायची. दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. बॉस्टन ४२ अंश उत्तरेला, म्हणजे जवळपास रोमच्या रेषेत आहे. तरी तिथे गहू का पिकेना? आणि आयातीची किंमत कशातून चुकती व्हायची? 'मासेमारीवर जगले' हे उत्तर सगळीकडे मिळतं, त्यापुढचा तपशील हवा आहे.

बांधकरी

अक्षांशावर जाऊ नका. वारे पश्चिमेकडून येतात. युरोपला ते समुद्रावरून मिळतात, न्यू इंग्लंडला थंडगार खंडावरून. म्हणून रोमच्या रेषेत असूनही बॉस्टनची खाडी गोठते.

जमीन हिमनद्यांनी मागे टाकलेल्या वाळू-गोट्यांची. झाडं तोडून ती उघडी पडली की हिवाळ्यात मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि खालचे धोंडे वर ढकलतं. यंदा वेचले तरी पुढच्या वसंतात नवे हजर. पण हे दुखणं पहिल्या पिढीला फारसं नव्हतं. किनाऱ्यावरची बरीच गावं मूळ रहिवाशांनी आधीच साफ केलेल्या शेतांवर वसली. १६१६ ते १६१९ च्या साथीत ती माणसं मेली होती. प्लिमथ वसलं ते ओस पडलेल्या पटक्सेट गावाच्या जागी. न्यू इंग्लंडच्या फोटोंत दिसणारे, असे धोंडे रचून केलेले मैलोन् मैल दगडी बांध बहुतेक बरेच नंतरचे.

गव्हाला खरा दणका दिला तांबेऱ्याने. १६६० च्या दशकापासून खोडावरचा काळा तांबेरा पीक बसवू लागला. वसाहतवाल्यांनी मुरंब्यासाठी आणि कुंपणासाठी युरोपातून बार्बेरी आणली होती (दारुहळदीच्या कुळातलं काटेरी झुडूप). ही बुरशी वसंतात तिच्या पानांवर वाढते आणि तिथून बीजाणू शेजारच्या गव्हावर उडतात. झुडपाजवळचा गहू आधी जातो एवढं शेतकऱ्यांनी हेरलं होतं. कनेक्टिकटने १७२६ मध्ये बार्बेरी उपटण्याचा कायदा केला. शास्त्रीय पुरावा जर्मन शास्त्रज्ञ अँटन डी बारीने दिला तो १८६५ मध्ये!

म्हणून मका. साधारण चार-चार फुटांवर मातीचे उंचवटे, प्रत्येकात चार-पाच दाणे, मक्यावर चढणारा घेवडा आणि खाली पसरणारा भोपळा. ही रीत मूळ रहिवाशांकडून आली. शेतात झाडांचे बुंधे तसेच असले तरी चालतं, कारण नांगर लागतच नाही, कुदळीवर भागतं. मक्याच्या पिठात चिकटा नसतो, नुसत्या मक्याचा पाव फुगत नाही. म्हणून निम्मं राय (rye) या धान्याचं पीठ. अपवाद कनेक्टिकट नदीच्या खोऱ्याचा. तिथे गाळाची जमीन होती आणि विकण्याइतकं धान्य निघायचं.

खारवी

कॉडबद्दल. हाच मासा का, याचं उत्तर चरबीत आहे. कॉडची चरबी जवळजवळ सगळी यकृतात साठते, मांस कोरडं असतं. म्हणून तो खारवून वाळवला की महिनोन् महिने खवट होत नाही. हेरिंग माशाचं तसं नाही.

कृती अशी: डोकं काढायचं, पोट चिरून यकृत पिंपात टाकायचं (त्याचं तेल कातडी कमावायला जातं), कण्याचा वरचा मोठा भाग काढून मासा पुस्तकासारखा उघडायचा. मीठ घालत थर रचायचे, काही दिवस तसेच ठेवायचे. मग समुद्राच्या पाण्यात धुऊन माचांवर पसरायचे. माच कमरेइतक्या उंचीचे, वर फांद्या अंथरलेल्या, कारण वारा खालूनही लागायला हवा. दिवसा मांस वर, रात्री किंवा पाऊस आला की कातडी वर.

बिघडतं ते मुख्यतः तीन ठिकाणी. मीठ कमी पडलं तर मासा कण्याशी सडतो. मीठ जास्त झालं तर मांस करपल्यासारखं होऊन तुकडे पडतात. आणि कडक उन्हात, वारा नसताना, मासा माचावरच शिजतो. थंड, कोरड्या हवेत वाळलेला माल सगळ्यांत चांगला.

मग प्रतवारी. उत्तम माल स्पेन-पोर्तुगालला जायचा, तिथे कॅथलिक उपवासांमुळे मागणी पक्की. फुटका, जास्त खारट, डागाळलेला माल कॅरिबियन बेटांवर जायचा, ऊसमळ्यांवरच्या गुलामांचं खाणं म्हणून. बिघडलेल्या मालालाही हुकमी गिऱ्हाईक होतं ते गुलामगिरीमुळे. पुस्तकांतून हे अर्ध्या ओळीत उरकतात.

नकाशेवाला

मस्त तपशील! पण एवढं मीठ कुठून? आणि व्यापाराच्या कायद्यांनुसार युरोपचा माल इंग्लंडमार्गेच आणायचा ना?

खारवी

मीठ बहुतांश बाहेरचंच, स्पेन-पोर्तुगालकडचं आणि बेटांवरचं, उन्हात पिकवलेलं. १६६३ च्या कायद्यात न्यू इंग्लंडच्या मासेमारीसाठी लागणाऱ्या मिठाला स्पष्ट सूट होती. शिवाय मासा हा 'फक्त इंग्लंडलाच विकावा' अशा मालाच्या यादीत नव्हता. म्हणजे मासा घेऊन स्पेनच्या बिल्बाओ बंदराला जा, परतताना मीठ भरून आणा, सगळं कायद्यात बसतं.

हिशेबनीस

आता पैशाचं. पहिली दहा वर्षं व्यापारावर नव्हे, नव्या माणसांवर चालली. १६३० ते १६४० मध्ये सुमारे २०,००० लोक आले. येताना रोकड आणायचे आणि जुन्या रहिवाशांकडून गुरं, धान्य विकत घ्यायचे. त्याच रोकडीतून इंग्लंडची देणी भागत. इंग्लंडमध्ये यादवी पेटू लागली, लोक यायचे थांबले आणि १६४० मध्ये वीस पौंडांची गाय चार-पाच पौंडांवर आली. मासा, जहाजबांधणी, पिंपांच्या फळ्या यांकडे मंडळी मन लावून वळली ती या मंदीनंतर.

नाणं नव्हतंच. कर धान्यात, उधारी बीव्हरच्या कातड्यांत, सुट्टे पैसे म्हणून वॅम्पम (शंख-शिंपल्यांचे मणी). मॅसॅच्युसेट्समध्ये वॅम्पमची कायदेशीर मान्यता १६६१ मध्ये गेली. १६५२ मध्ये बॉस्टनला टांकसाळ निघाली. तिथला शिलिंग ७२ ग्रेन (वजनाचं माप) चांदीचा, इंग्लंडचा सुमारे ९३ चा. नाणं मुद्दाम हलकं पाडलं, म्हणजे कोणी इंग्लंडला पाठवलं तर तोटा होईल आणि ते वसाहतीत टिकेल. तरी बरीच चांदी बाहेर गेलीच.

इंग्लंडशी थेट हिशेब कधीच जुळत नव्हता. मासा, फळ्या, घोडे कॅरिबियनला द्यायचे, बदल्यात मळी आणि लंडनच्या नावाच्या हुंड्या घ्यायच्या. मळीची रम करायची, हुंड्यांतून लंडनच्या व्यापाऱ्याचं देणं फेडायचं. १७३३ मध्ये परकी मळीवर गॅलनला ६ पेन्स कर बसला. तो प्रामाणिकपणे भरला असता तर रमचा धंदा बुडाला असता, म्हणून चोरटी आयात राजरोस चालली.

बांधकरी

लाकूड राहिलं. मॅसॅच्युसेट्सच्या १६९१ च्या राजसनदेनुसार, खाजगी मालकीच्या नसलेल्या जमिनीवर बुंध्याशी २४ इंच किंवा जास्त व्यासाचं झाड आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी राखीव, तोडल्यास १०० पौंड दंड. हे झाड पाडायच्या आधी खाली बर्फाची आणि फांद्यांची गादी करत. झाड तसंच आदळलं तर खोडाला आतून तडा जायचा आणि डोलकाठी म्हणून ते निकामी व्हायचं.

घरच्या चुलाण्याला मात्र वर्षाला तीसेक कॉर्ड लाकूड लागायचं. एक कॉर्ड म्हणजे ४ × ४ × ८ फुटांचा ढीग. उघड्या चुलाण्याची बहुतेक ऊब धुराड्यातून वर जाते, म्हणून एवढा खप. बॉस्टनच्या चिंचोळ्या भूभागावर झाडं मुळातच कमी. तिथे जळण बंदरातल्या बेटांवरून होड्यांनी आणावं लागे, आणि खाडी गोठली की तेही बंद.