आशा म्हणजे नेमकं काय? चान्स सारखाच, तरी एकाला आशा आहे आणि दुसऱ्याची सुटलीय

सातरस्ता_वाचक:
बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळतंय म्हणून इथं विचारतो. आमच्या अभ्यासिकेत दोन मित्र आहेत, दोघंही राज्यसेवेची तयारी करतात. जागा किती निघतात, फॉर्म किती जण भरतात, कटऑफ कुठं जातो, सगळं दोघांना तोंडपाठ. पोस्ट दोघांनाही पाहिजेच आहे, घरची परिस्थितीही साधारण सारखीच. म्हणजे इच्छा तेवढीच आणि चान्स किती हे गणितही तेवढंच. तरी एकाकडं बघितलं की कळतं याला आशा आहे, आणि दुसरा रोज येतो, वाचतो, पण त्याची आशा सुटलीय, तो तसं बोलूनही दाखवतो.

आता आशा म्हणजे 'हवंय' आणि 'होऊ शकतं' एवढंच असेल तर या दोघांत फरक पडायलाच नको होता. मग ते तिसरं काय आहे? आणि ते असणं चांगलं, की ती स्वतःची फसवणूक? स्वभाव असतो एकेकाचा असं म्हणून सोडू नका प्लीज, दुसरा मुलगा स्वभावानं उदास अजिबात नाही, चहाच्या टपरीवर सगळ्यात जास्त हसवणारा तोच आहे.

ग्रंथालय_कोपरा:
दादा, प्रश्न नेमका मांडलाय. १३व्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञानं याच्यावर बरंच लिहिलंय. तो म्हणतो आशा ज्याची करायची ती गोष्ट चांगली पाहिजे, पुढं घडणारी पाहिजे, अवघड पाहिजे आणि तरी शक्य पाहिजे. अवघड ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, उद्या सूर्य उगवेल अशी आशा कोण करत नाही, ते आपण धरूनच चालतो. आणि पुढं तो सांगतो की आशा आणि निराशा दोन्ही त्याच अवघड गोष्टीकडं बघत असतात, फक्त आशेत मन तिच्याकडं सरकतं आणि निराशेत मागं हटतं. तुमच्या दोघा मित्रांना हे तंतोतंत लागू पडतं, गणित एकच पण मनाची दिशा वेगळी.

डच तत्त्वज्ञ स्पिनोझाचं म्हणणं याला जोडून बघा (त्याचा 'नीतिशास्त्र' ग्रंथ तो गेल्यावर १६७७ साली बाहेर आला). त्याच्या मते आशा हा डळमळीत आनंद आहे, कारण पुढं काय होणार याची शंका त्यात असतेच, आणि म्हणून भीतीशिवाय आशा नाही अन् आशेशिवाय भीती नाही. शंका संपली आणि वाईटच होणार असं मनानं ठरवलं की निराशा. म्हणजे मला वाटतं तुमच्या दुसऱ्या मित्रानं कमी चान्सलाच निकाल मानलंय. पहिला बहुतेक जास्त घाबरत असेल, विचारून बघा.

फसवणुकीचं म्हणाल तर जर्मन तत्त्वज्ञ कांटचा १७८१ मधला प्रश्न आठवतो, मी कशाची आशा करू शकतो. त्याचा रोख असा की मी माझं कर्तव्य केलं तर मग मला कशाची आशा करायचा हक्क आहे. म्हणजे आशा नुसती मनात आली म्हणून योग्य ठरत नाही, तिला आपल्या वागण्याचा आधार लागतो.

मालदांडी:
मी मंगळवेढ्याकडचा, पुस्तकातलं एवढं माहीत नाही पण शेतातलं सांगतो. आमची ज्वारी रब्बीची, पेरणी होती तोवर पाऊस परतीच्या वाटेला लागलेला असतो, त्यानंतर पीक येतं ते काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर. वडील पेरायच्या आधी रान उकरून माती हातात दाबून बघतात. ओल नसली तर ते पेरत नाहीत, शेजाऱ्यानं पेरलं तरी नाही. ओल असली की पेरतात आणि मग पुढं पाऊस येईल का नाही याच्यावर दिवसभर बोलत बसत नाहीत, कोळपणी करतात जेणेकरून भेगा पडून आहे ती ओल उडून जाऊ नये. चान्स त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो हो, अख्खा दुष्काळी पट्टा बघितलाय त्यांनी. मला वाटतं तुम्ही म्हणता ते तिसरं हेच, की नजर कुठं आहे. जे आपल्या हातात नाही त्याच्यावर का हातात उरलंय त्याच्यावर.

अजून एक. दाणा नाही भरला तरी कडबा येतो, जनावरं जगतात. तुमच्या मित्रांच्या आशेत असा कडबा आहे का? पोस्ट नाही निघाली तर हाती काहीच नाही अशी आशा मला भीतीदायक वाटते.

निवृत्त_मास्तर:
सगळे आशेच्याच बाजूनं बोलताय म्हणून उलट बाजू मांडतो. एकनाथ महाराजांनी १५७३ साली काशीत एकनाथी भागवत पूर्ण केलं, त्याच्या आठव्या अध्यायात पिंगलेची गोष्ट आहे. विदेहनगरीतली वेश्या, श्रीमंत गिऱ्हाईक येईल म्हणून मध्यरात्रीपर्यंत दारात येरझाऱ्या घालते, शेवटी आशा सोडते आणि तिला शांत झोप लागते. मूळ भागवतात तर स्पष्ट म्हटलंय, आशा हेच परम दुःख आणि नैराश्य हेच परम सुख. तेव्हा त्या दुसऱ्या मुलाला बिचारा समजू नका. कदाचित तोच मोकळा झाला असेल.

कुंभारीची_लेक:
मास्तर, आदर ठेवून बोलते, पण पिंगला आशा सोडून झोपली, हा मुलगा आशा सोडून रोज अभ्यासिकेत येतोय. ती मोकळी झाली, हा अडकलाय. आणि पिंगलेला आशेच्या जागी देव मिळाला, याला काय मिळालंय?

माझी आई विड्या वळायची. सोलापूरजवळ कुंभारीला कामगारांसाठी रायनगर वसाहत झालीय, तिथल्या घरकुलासाठी कामगार नेते आडम मास्तरांच्या मोर्चांना जायची, कागदपत्रं परत परत द्यायची. भूमिपूजन २०१९ च्या जानेवारीत झालं आणि पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या २०२४ च्या जानेवारीत मिळाल्या, पण मागणी त्याच्या कितीतरी आधीपासूनची. मधे आई कित्येकदा म्हणाली की काय होत नाही आता. तेव्हा शेजारच्या मावशी तिला मोर्चाला ओढून न्यायच्या, आणि मावशी थकल्या की आई त्यांना. म्हणजे कधीकधी आईच्या मनात आशा नव्हतीच, तरी ती चालत होती कारण बाकीच्यांकडं होती. म्हणून मला वाटतं ते तिसरं त्या मुलाच्या आत शोधून सापडणार नाही, त्याच्या आजूबाजूला कोण आहे ते बघा.

सातरस्ता_वाचक:
ताई, हे पटतंय पण एक अडचण आहे. दुसऱ्याच्या घरचे सगळे आशा लावूनच बसलेत आणि तो म्हणतो त्याचंच ओझं झालंय. मग आजूबाजूच्यांची आशा आईला उचलत होती आणि याला दाबतेय, असं का?

कुंभारीची_लेक:
कारण तिथं आशा करणाऱ्या पण त्याच आणि उन्हात चालणाऱ्या पण त्याच होत्या. याच्या घरी आशा सगळ्यांची आणि राबणं एकट्याचं. शिवाय त्या बायकांना एकमेकींचं घर व्हावं असं वाटत होतं, याच्या घरच्यांना पोस्ट पाहिजे का तो सुखात पाहिजे हे त्याला अजून कळलेलं नसेल. त्याच्या आईशी तुमचं बोलणं असेल तर विचारा, निकाल नाही लागला तर तिला त्याच्यासाठी काय पाहिजे. आणि ती जे सांगेल ते त्याच्यासमोर सांगायला लावा.

मालदांडी:
ताई बरोबर बोलल्या. आणि हे निकाल लागायच्या आधी विचारा, नंतर विचारलं तर ती समजूत घालतेय असंच त्याला वाटेल.